मागचा डावा फुगा

गॅरेजांच्या त्या गल्लीत सगळे त्याला फुगेवाला म्हणायचे. नवीन माणूस ते ऐकून हसला, की कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, बाबा रे, त्याच्यासमोर हसू नकोस. माणूस दिसायलाच तसा होता. मान जवळजवळ नाहीच, खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं, आणि मनगटं दुसऱ्याच्या पोटरीएवढी. फुगे काही तो विकत नव्हता. महागड्या गाड्यांमध्ये स्प्रिंगच्या जागी जाड रबराच्या पिशव्या असतात. त्यांत हवा भरून गाडी उचललेली असते, म्हणून ती खड्ड्यातून गेली तरी आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. पिशवी फुटली की तीच गाडी भररस्त्यात बसकण मारते. मग मालक ओरडतो, ड्रायव्हर घामाघूम होतो आणि गाडी जागची हलत नाही. अशा बसलेल्या गाड्या उठवण्यात फुगेवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

हे काम तो बस डेपोत शिकला. आणि पहिला माणूस त्याने मोडला तोही तिथेच.

बसखालीही अशाच पिशव्या असतात, फक्त घागरीएवढ्या. एका दुपारी त्याचा जोडीदार बसखाली आडवा होऊन काम करत होता. गाडीखाली आधाराला लावायच्या लोखंडी घोड्या त्या दिवशी दुसऱ्या बसखाली अडकल्या होत्या, आणि ही बस चारच्या फेरीला हवी म्हणून सुपरवायझर डोक्यावर बसला होता. पिशवी फुटली. आवाज फार मोठा झाला नाही, पोत्यावर पोतं टाकल्यासारखा झाला. जोडीदाराला बाहेर ओढलं तेव्हा तो गेला होता, आणि त्याच्या छातीकडे बघवत नव्हतं. सुपरवायझर वही घेऊन आला आणि कारकुनाला म्हणाला, "घोड्या न लावता आत गेला, असं लिहून घ्या." फुगेवाल्याने त्याला दोनदा मारलं. पहिल्या फटक्याने खांद्याचं हाड गेलं, दुसऱ्याने समोरचे चार दात आणि अर्धा ओठ. तिसरा मारता आला नाही, कारण तोवर पाच जण त्याच्या अंगावर बसले होते.

नोकरी गेली. तीन महिने आत काढले. त्याची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती, अपघात विभागात. सुपरवायझरचा ओठ शिवताना डॉक्टरांना कात्री हातात देणारी तीच होती. नवरा सुटून घरी आला तेव्हा तिने आधी त्याला आंघोळीला पाणी काढून दिलं, मग समोर बसून सांगितलं, "मला दवाखान्यात रोज भरपूर मोडलेली माणसं मिळतात. घरून पाठवू नका. परत एकदा पाठवलंत तर मी बहिणीकडे जाईन, आणि मला न्यायला यायचं नाही."

त्याने मान डोलावली. त्यानंतर अकरा वर्षं त्याने कुणावर हात उचलला नाही. राग गेला होता असं नाही. गिऱ्हाईक अरेरावी करायला लागलं की त्याच्या कपाळावरची शीर टरारून फुगायची, आणि शेजारचा लेथवाला आपलं यंत्र बंद करून दारात येऊन उभा राहायचा. लेथवाला किरकोळ अंगाचा, जाड चष्म्याचा. मारामारी थांबवणं त्याच्या बापालाही जमलं नसतं. पण तो नुसता उभा राहिला तरी फुगेवाला शुद्धीवर यायचा.

त्या दिवशी भर दुपारी ती गाडी आली. लांबलचक, काळी, आणि मागच्या डाव्या बाजूला अशी कललेली की चाक अर्धं मडगार्डमध्ये शिरलेलं. चालवत आणणारा ड्रायव्हर साठीला टेकलेला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस. उतरल्यावर त्याने आधी दाराची मूठ रुमालाने पुसली. त्याच्या गालावर चार बोटं उमटली होती.

"बसली वाटतं," फुगेवाला गाडीकडे बघत म्हणाला.

"दोन बसल्या," ड्रायव्हर म्हणाला. "एक गाडी बसली, आणि एक माझ्या गालावर."

फुगेवाला हसला नाही. त्याने गाडी आत घ्यायला सांगितलं, मागून घोड्या लावल्या, चाक काढलं आणि पिशवीवर साबणाचं पाणी मारलं. ते होईस्तोवर ड्रायव्हर उलट्या डब्यावर बसून बोलत राहिला. अठरा वर्षं तो एकाच घरी गाडी चालवत होता. मोठे साहेब होते तोवर सगळं सुरळीत होतं. वर्षापूर्वी ते अंथरुणाला खिळले आणि कारभार मुलाच्या हातात गेला. धाकट्या साहेबांना म्हातारा ड्रायव्हर नको होता. हा महिना संपला की कामावर यायचं नाही, असं सांगून झालं होतं. आणि आज सकाळी, कुठल्याशा मोठ्या पाहुण्याला गाडीत बसवलं आणि त्याच क्षणी गाडी फुस्स करून खाली गेली. पाहुणा उतरला आणि दुसऱ्याच्या गाडीतून निघून गेला. धाकट्या साहेबांनी फाटकातच, माळी आणि स्वयंपाकीण बघत असताना, ड्रायव्हरच्या कानाखाली जाळ काढला.

"त्यांना वाटतंय मी कापलं," ड्रायव्हर म्हणाला. "जाता जाता सूड उगवला म्हणे."

"या इकडे, काका. बघा." फुगेवाल्याने पिशवीच्या घडीवर बोट ठेवलं. बोटाभोवती साबणाचे बारीक बुडबुडे उठत होते, घडीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. "सुरीने कापलं तर चीर सरळ जाते. हे रबर वाळून भेगाळलंय. टाचेला भेगा पडतात ना, तसं. महिनोन् महिने हवा गळत होती. ती भरून काढायला गाडीचा पंप रात्रंदिवस फिरला आणि शेवटी जळाला. समोर पिवळा दिवा लागला असणार."

"तीन महिन्यांपूर्वी लागला. मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, दिव्यावर पट्टी चिकटव."

"मग?"

"चिकटवली," ड्रायव्हर म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने मान खाली घातली.

नवीन पिशवी मागवावी लागणार होती. तोवर जुनी किती वेळ तग धरते ते बघायचं फुगेवाल्याने ठरवलं. गाडीची नळी सोडवून त्याने पिशवीला आपली लांब नळी जोडली, तिचं टोक गाडीच्या मागे बाहेर आणलं आणि त्यावर हवा सोडायचा-अडवायचा पितळी कॉक बसवला. गॅरेजच्या टाकीतून हवा सोडली तशी गाडी आळस दिल्यासारखी वर आली. चाक चढवून घोड्या काढल्या, कॉक बंद केला, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उभी ठेवून त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. वीस मिनिटं टिकली तरी पुष्कळ, असं तो म्हणाला.

आठव्या मिनिटाला धाकटे साहेब आले. तिशीचा, अंगाने बरा, डोळे लाल. बरोबर दोन माणसं होती. एक टकला, एक जाकीटवाला. त्या घरी अशी माणसं कशाला पाळतात ते त्यांच्या हातांकडे बघून कळत होतं. टकल्याने आत शिरताच शटर अर्धं खाली ओढलं.

"काय निघालं?" धाकट्याने विचारलं.

"रबर वाळलंय," फुगेवाला म्हणाला. "आपोआप फुटलं. कुणी कापलेलं नाही. दाखवतो."

"तुला विचारलं नाही." त्याने ड्रायव्हरकडे बोट केलं. "मी याला विचारतोय. कशाने कापलंस?"

"साहेब, मी अठरा वर्षं..."

वाक्य पुरं झालं नाही. टकल्याने त्याच्या पोटात गुडघा घातला, आणि म्हातारा उलट्या डब्यावरून खाली आला. फुगेवाला एक पाऊल पुढे सरकला तोच जाकीटवाल्याने बाकावरची टॉमी, ती टायर काढायची हातभर लांब सळई, उचलून त्याच्या कानावर हाणली. त्याला काही ऐकू येईना. डोळ्यांसमोर गॅरेज एकदा गोल फिरलं. सावरेपर्यंत दुसरा तडाखा खांद्यावर बसला आणि तो भिंतीला टेकून खाली घसरला. टॉमीचं टोक त्याच्या गळ्यावर आलं.

मग जे झालं ते त्याने तिथे बसून बघितलं.

टकल्याने ड्रायव्हरला केसांना धरून मागच्या डाव्या चाकापाशी नेलं, त्याचा डावा हात मनगटात पकडला आणि पंजा टायरच्या माथ्यावर, मडगार्डच्या आत ठेवून दाबून धरला. गाडी वर होती म्हणून तिथे हात सहज मावत होता. धाकटा खाली वाकला आणि पितळी कॉक त्याने जरासा फिरवला. हवा सुसू करत बाहेर यायला लागली. गाडी बोटभर खाली आली. त्याने कॉक बंद केला.

"बोल. कापलं की नाही?"

"नाही साहेब."

परत सुसू. परत बोटभर. मडगार्डची कड आता ड्रायव्हरच्या बोटांच्या पेरांना टेकली होती.

"कॉकवरून हात काढ," फुगेवाला जमिनीवरून म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "त्याचा सांधा कच्चा आहे. निसटला तर गाडी एका दमात खाली येईल. तुला थांबवता येणार नाही."

जाकीटवाल्याने त्याच्या तोंडावर लाथ मारली. धाकट्याने वळूनही बघितलं नाही. "हो म्हण, सोडतो," तो ड्रायव्हरला म्हणाला. साधंच मागणं होतं. म्हाताऱ्याने हो म्हटलं असतं तर कदाचित तिथेच मिटलं असतं. पण तो डोळे मिटून नाही म्हणाला. धाकट्याने रागाने कॉक हिसडला आणि कॉक नळीतून निसटून त्याच्या हातात आला.

गाडी पडली. ड्रायव्हर ओरडला नाही. त्याच्या छातीतून हवा गेल्यासारखा एक आवाज निघाला, आणि तो गुडघ्यांवर बसलेलाच राहिला, कारण हात आत अडकला होता. पांढऱ्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत लाल होत गेली.

तिघेही क्षणभर जागच्या जागी थिजले. जाकीटवाल्याची टॉमी अर्धी खाली आली. फुगेवाल्याने ती पकडली, स्वतःकडे ओढली आणि तिच्याच टोकाने त्याच्या गुडघ्याची वाटी फोडली. तो कोसळला तसा टकला आला. त्याला फुगेवाल्याने सळईने मारलं नाही, कपाळाने मारलं. नाक फुटल्याचा आवाज झाला. टकला दोन्ही हातांनी तोंड धरून शटरखालून वाकून बाहेर पळाला आणि परत आला नाही.

जॅक लावायला फुगेवाला धावला. जॅक आत जाईना. गाडी इतकी खाली बसली होती की तिच्या पोटाखाली हातोडीसुद्धा गेली नसती. उचलायचा एकच मार्ग होता, हवा. नळीचं नुसतं टोक जमिनीवर पडलं होतं, कॉक नाही, सांधा नाही. त्याने टाकीच्या नळीचं तोंड त्या टोकावर दाबलं, दोन्ही मुठींनी आवळलं आणि पायाने टाकीचा खटका उघडला. हवा फटीतून चाकूसारखी सुटली. तळहाताची कातडी फाटली, रक्ताचे बारीक थेंब त्याच्याच तोंडावर उडाले. त्याने सोडलं नाही. गाडी थरथरली. कण्हत कण्हत वर यायला लागली.

"लेथवाल्या," तो ओरडला. एवढा एकदाच ओरडला.

लेथवाला आधीच शटरखालून आत आला होता. त्याने एका नजरेत सगळं बघितलं. गाडी चार बोटं वर आली तशी त्याने म्हाताऱ्याला काखेत हात घालून मागे ओढलं. पंजा बाहेर आला. त्यातली दोन बोटं उगाच लटकत होती. लेथवाल्याने आपला शर्ट काढून त्याला गुंडाळला, मग फुगेवाल्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दे माझ्याकडे. तुझे हात गेलेत." नळीचा सांधा त्याने चिंधी गुंडाळून स्वतःच्या मुठीत घेतला.

इथे सगळं थांबायला हवं होतं. धाकटा भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. तोंडचं पाणी पळालेलं, हातात अजून तो पितळी कॉक. "निसटला," तो म्हणत होता. "मी नाही सोडला. आपोआप निसटला." त्याच्यापासून कुणाला धोका उरला नव्हता.

फुगेवाला उठला. त्याला कॉलरला धरून फरफटत चाकापाशी आणलं आणि त्याचा उजवा पंजा त्याच टायरवर, त्याच ओल्या जागी दाबला.

"सोड हवा," तो लेथवाल्याला म्हणाला.

लेथवाल्याने मूठ आणखी आवळली.

"सोड म्हणतो ना."

"नाही."

"माझं गॅरेज आहे. सोड."

"तुझं आहे," लेथवाला म्हणाला. त्याचा चष्मा खाली पडला होता, त्याला धड दिसतही नव्हतं. "मी नाही सोडणार. मला मार हवं तर."

धाकटा रडायला लागला होता. फुगेवाल्याने त्याचा हात आतून काढला. मग त्याला सरळ उभा केला आणि कोपराने जबड्यावर असा मारला की जबडा दोन ठिकाणी तुटला. खाली पडल्यावर बरगड्यांत दोन लाथा घातल्या. दुसरी घालताना त्याला बायकोची आठवण आली होती. तरी त्याने ती घातली. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं.

दवाखान्यात तिची दुपारची पाळी होती. आधी ड्रायव्हर आला, मग जाकीटवाला, मग धाकटा, आणि शेवटी पोलिसांबरोबर तळहात चिंध्या झालेला नवरा. तिने चौघांच्याही जखमा धुतल्या. नवऱ्याच्या हातावर पट्टी बांधताना तिने एकच विचारलं, "तो उभा होता की बसलेला?"

"बसलेला," तो म्हणाला.

तिने गाठ मारली आणि पुढच्या खाटेकडे गेली. संध्याकाळी ती बहिणीकडे राहायला गेली.

ड्रायव्हरची दोन बोटं काढावी लागली. धाकट्याच्या घरून त्याच्याकडे माणसं गेली, गोड बोलून झालं, दम देऊन झाला. गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हातारा घाबरून जबाब फिरवणार. त्याने फिरवला नाही. कोर्टात उभं राहून त्याने पिवळ्या दिव्यापासून सुरुवात केली आणि जे घडलं ते सगळं क्रमाने सांगितलं. पट्टी स्वतः चिकटवली तेही सांगितलं. आणि धाकटे साहेब खाली बसलेले असताना मिस्त्रींनी त्यांना ओढलं, हात चाकावर ठेवला, हवा सोडायला सांगितली, जबडा तोडला, हेही सांगितलं. ते बोलत असताना फुगेवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं की शेजारच्या पोलिसाने त्याच्या दंडाला धरलं.

धाकट्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. फुगेवाल्याला सोळा महिन्यांची.

"तेवढं गाळलं असतं तर म्हाताऱ्याचं काय जात होतं?" लेथवाला तुरुंगात भेटायला आला तेव्हा चिडून म्हणाला. फुगेवालाही तेच घोकत होता. त्या माणसासाठी हात फाडून घेतले, आणि त्यानेच आत पाठवलं. पहिले दोन महिने त्याने मनातल्या मनात ड्रायव्हरला किती वेळा भिंतीवर आपटलं त्याला गणती नाही.

तिसऱ्या महिन्यात ड्रायव्हर स्वतः भेटायला आला. शर्ट तसाच इस्त्रीचा. त्याने डावा हात खिशात ठेवला नव्हता.

"मिस्त्री, तुम्ही मला शिव्या द्या," तो जाळीपलीकडून म्हणाला. "पण एक ऐकून घ्या. त्यांचा वकील मला दोन दिवस उलटासुलटा विचारत होता. कुठे एक गोष्ट लपवलेली सापडली असती, तर तो म्हणाला असता, हा खोटारडा आहे, फुगाही यानेच कापला. मी कापला नाही हे कुणीतरी खरं मानायला हवं होतं. त्याच्यासाठी मी बोटं दिली होती."

फुगेवाल्याने त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "हो म्हटलं असतंत तर बोटं वाचली असती."

"माहीत आहे."

"माझे हातही."

"तेही माहीत आहे," ड्रायव्हर म्हणाला. त्याने माफी मागितली नाही, आणि फुगेवाल्यानेही ती मागायला लावली नाही. पण नंतर दर महिन्याला तो यायचा, बाहेरच्या चार गोष्टी सांगायचा. बोटं दोन गेली तरी त्याला दुसरीकडे काम मिळालं होतं, एका डॉक्टरीणबाईंची छोटी गाडी. "तिला साध्या स्प्रिंगा आहेत," तो म्हणाला, "कितीही आपटली तरी बसत नाही." त्यावर मात्र फुगेवाला हसला.

तो सुटला त्या दिवशी न्यायला लेथवाला आला होता. बायको नव्हती. तिने सांगितलं होतं तसं तो तिला न्यायला गेला नाही. चाळीस दिवस एकटाच राहिला, स्वतःचं स्वतः करून खाल्लं. मग एका सकाळी ती तिची पेटी घेऊन आपणहून आली. का आली ते तिने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. गल्लीत आता त्याची कहाणी झाली होती. लोक नव्या गिऱ्हाइकाला ती सांगायचे, याने म्हाताऱ्याचा जीव कसा वाचवला, साहेबाला कसा तुडवला. फुगेवाल्याच्या कानावर पडलं की तो मध्येच तोडायचा. "वाचवलं ते वेगळं, तुडवलं ते वेगळं. मध्ये चार मिनिटं होती."

कामं मात्र लवकर येईनात. त्या दीड वर्षात आणखी दोघांनी हेच काम सुरू केलं होतं. शेवटी एक पांढरी गाडी आली, पुढून बसलेली. मालक घाईत होता. पिशवी आज मिळणार नाही म्हटल्यावर तो आधी आवाज चढवून बोलला, मग शिवी दिली, आणि मग त्याने फुगेवाल्याच्या शर्टाला हात घातला. फुगेवाल्याच्या हातात पाना होता. शेजारचं यंत्र बंद झालं.

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली तेव्हा त्याने तिला हे सांगितलं.

"पाना कुठल्या हातात होता?" तिने चपला काढता काढता विचारलं.

"उजव्या."

"मग?"

"बाकावर ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तर तो गाडी घेऊन गेलेला. ढकलत नेली म्हणे, त्याने आणि त्याच्या मेहुण्याने."

"शर्ट फाटला?"

"दोन गुंड्या तुटल्या."

तिने हात धुतले, कपाटातून सुईदोरा काढला आणि शर्ट मागितला. त्याने काढून दिला. गुंड्या त्याने खिशात जपून आणल्या होत्या, पण एकच सापडली.